२१ वर्षं आणि ४ निवडणुका

२२ डिसेंबर २०२३ ला नागपूरच्या कोर्टाने जिल्हा बँकेच्या रोखे घोटाळ्यात सावनेरचे काँग्रेस आमदार सुनील केदार यांना ५ वर्षांची शिक्षा आणि साडेबारा लाखांचा दंड सुनावला, पुढच्या एक-दोन दिवसातच त्यांची आमदारकी गेल्याचं विधिमंडळाने जाहीर केलं, आणि त्या आठवड्यात मला व्हॉट्सअ‍ॅपवर जे काही मेसेज आले त्या सगळ्यांचा सूर साधारण एकच, की बघा, उशिरा का होईना पण न्याय झाला. तो "उशिरा का होईना" माझ्या घशाखाली तेव्हाही उतरला नाही आणि आजही उतरत नाही. कारण गुन्हा नोंदवला गेला एप्रिल २००२ मध्ये. सीआयडीचं आरोपपत्र त्याच वर्षी नोव्हेंबरात कोर्टात गेलं. म्हणजे पोलिसांचं मुख्य काम सहा-सात महिन्यात आटपलं आणि पुढची २१ वर्षं गेली ती कोर्टात.

आणि या २१ वर्षात माणूस घरी बसला होता का? तर नाही. २००४ ला निवडून आले, २००९ ला आले, २०१४ ला आले, २०१९ ला आले. महाविकास आघाडीचं सरकार आलं तेव्हा कॅबिनेट मंत्री झाले, पशुसंवर्धन, दुग्धविकास, क्रीडा अशी खाती होती. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे की लोकप्रतिनिधीला भ्रष्टाचाराच्या खटल्यात आपली व्यवस्था सगळ्यात मोठी जी गोष्ट देते ती म्हणजे वेळ. शिक्षा होते, कधीकधी कडक पण होते, पण ती होते तोवर जे मिळवायचं होतं ते सगळं मिळवून झालेलं असतं. आपण शिक्षेचा आकडा बघतो आणि त्याच्या आधीची वर्षं मोजतच नाही.

केदारांच्या बाबतीत आधीच सांगतो, त्यांचं अपील आहे, जानेवारी २०२४ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने जामीनही दिला, दोषसिद्धीला स्थगिती मात्र दिली नाही, त्यामुळे २०२४ ची विधानसभा त्यांना लढता आली नाही. वरच्या कोर्टात काय व्हायचं ते होईल. मी पक्षाच्या बाजूने किंवा विरोधात बोलत नाहीये, पुढे बाकी पक्षांचेही लोक येतील.

तर प्रकरण काय होतं ते जरा नीट सांगायला पाहिजे, कारण आता तिशीत असलेल्या पोरांना होम ट्रेड हे नावच माहीत नाही. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, केदार तेव्हा तिचे अध्यक्ष. बँकेने २००१-०२ च्या सुमारास सव्वाशे कोटींच्या आसपास रक्कम सरकारी रोखे घ्यायला म्हणून खाजगी दलाल कंपन्यांना दिली, त्यात होम ट्रेड ही सगळ्यात गाजलेली, जिच्या जाहिरातीत सचिन होता, शाहरुख होता, हृतिक होता. पैसे गेले. रोखे आलेच नाहीत. सरकारी रोखा म्हणजे गुंतवणुकीतली सगळ्यात सुरक्षित गोष्ट मानतात, त्यात पैसे बुडायला रोखा बुडावा लागत नाही, तो घेतलाच गेला नाही की झालं. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकांचेही पैसे अशाच मार्गाने अडकले. नागपूरच्या खटल्यात कोर्टाने केदार, बँकेचे तेव्हाचे महाव्यवस्थापक आणि रोखे दलाल मिळून ६ जणांना दोषी धरलं आणि ३ जणांना सोडलं.

आता जिल्हा बँकेचा पैसा म्हणजे कुणाचा पैसा हे शहरातल्या माणसाला चटकन कळत नाही. गावात विविध कार्यकारी सोसायटी असते, शेतकरी तिचा सभासद, सोसायटीला कर्ज देते जिल्हा बँक. पेरणीच्या आधी जे पीककर्ज मिळतं ते या साखळीतून. त्याच बँकेत झेडपीच्या मास्तरांचे पगार, पतसंस्थांच्या ठेवी, दूध संघाचे पैसे. ही बँक खिळखिळी झाली की माणूस मेमध्ये सावकाराच्या दारात उभा राहतो. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा बँकांचं पुढे रिझर्व्ह बँकेच्या लायसन्सवर अडलं आणि केंद्र, राज्य आणि नाबार्डचे पैसे ओतून त्या उभ्या करायला लागल्या. माझ्या मामाचं खातं अशाच एका अडचणीत आलेल्या जिल्हा बँकेत होतं, कुठल्या ते सांगत नाही. पैसे त्याचे, पासबुकावर शिल्लक दिसतेय, पण काउंटरवर गेलं की एका वेळी हजार रुपये घ्या आणि पुढच्या आठवड्यात या. मामीच्या ऑपरेशनला त्याने बैलजोडी विकली. तो कधी कुठल्या पुढाऱ्याला शिव्या घालताना मी ऐकला नाही, तो फक्त म्हणायचा की केस चालू आहे म्हणे. ते "केस चालू आहे म्हणे" मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि हा लेख लिहायला बसलो त्याचं खरं कारण तेच आहे.

आता दुसरा माणूस. बबनराव घोलप, शिवसेना, नाशिकजवळचं देवळाली. १९९० पासून सलग आमदार, युती सरकारमध्ये समाजकल्याण मंत्री. अण्णा हजारेंनी त्यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप केले, घोलपांनी बदनामीची केस टाकली, आणि १९९८ मध्ये त्या केसमध्ये शिक्षा झाली ती अण्णांना, ३ महिन्यांची, येरवड्याला जावं लागलं. लोकांमधून इतका संताप उसळला की सरकारने त्यांना मुदतीआधीच सोडलं. १९९९ च्या एप्रिलमध्ये घोलपांना मंत्रीपद सोडावं लागलं. इथे कुणालाही वाटेल की संपलं करिअर. पण १९९९ ला निवडून आले, २००४ ला आले, २००९ ला आले. बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात विशेष कोर्टाने शिक्षा दिली ती मार्च २०१४ मध्ये, त्यांना आणि त्यांच्या पत्नीला ३-३ वर्षं. तेव्हा ते शिर्डी लोकसभेचे जाहीर झालेले उमेदवार होते! म्हणजे खटला शेवटाला आलेला, निकाल कधीही लागू शकतो, आणि पक्ष त्या माणसाला दिल्लीला पाठवायच्या तयारीत. शेवटी घाईघाईने सदाशिव लोखंडेंना उभं केलं आणि ते निवडूनही आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात देवळालीतून घोलपांचे चिरंजीव आमदार झाले.

बदनामीच्या केसचा निकाल १९९८ ला आणि मालमत्तेच्या केसचा २०१४ ला. आरोप करणाऱ्याला आधी जेल, ज्याच्यावर आरोप त्याला १६ वर्षांनी. मला यात कुठल्या जजसाहेबांना दोष द्यायचा नाही, दोन्ही खटले वेगळे, पुरावे वेगळे, कायदा वेगळा. पण बघणाऱ्या साध्या माणसाने त्यातून काय शिकायचं? तो हेच शिकला की बोलू नका.

आणि तिसरे जळगावचे सुरेश जैन, १९८० पासून तीन दशकांपेक्षा जास्त आमदार, पक्ष बदलले पण जळगाव बदललं नाही. घरकुल योजना, झोपडपट्टीतल्या आणि गरीब लोकांसाठी ११ हजारांच्या वर घरं बांधायची ठरली, काम खानदेश बिल्डर्सला, आगाऊ पैसे दिले गेले, घरं झाली थोडी आणि बाकीचे नुसते सांगाडे उभे राहिले. पालिकेचे तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये पोलिसात फिर्याद दिली. आपल्या बदलीची भीती न बाळगता एखादा अधिकारी असं करतो तेव्हा मला खरंच त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. पण जैनांना अटक झाली मार्च २०१२ मध्ये, फिर्यादीनंतर ६ वर्षांनी, आणि मधे २००९ ची निवडणूक ते जिंकून बसले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष कोर्टाने ४८ जणांना दोषी ठरवलं, जैनांना ७ वर्षं आणि १०० कोटी दंड, माजी मंत्री गुलाबराव देवकरांना ५ वर्षं. १०० कोटी दंड ऐकून टीव्हीवाले वेडे झाले. पण ज्याला त्या योजनेत घर मिळणार होतं तो माणूस त्या दिवशी कुठे राहत होता हे विचारायला कुणी गेलं नाही.

तीन माणसं, बँक वेगळी, मालमत्ता वेगळी, घरकुल वेगळं. पण गुन्हा आणि शिक्षा यांच्यामधलं अंतर एका पिढीचं, आणि त्या अंतरात निवडणुका.

आता लोक म्हणतील, मग मतदारांनी पाडायचं ना. मी पण आधी असंच म्हणायचो. पण वेळ ही फक्त कोर्टाची गोष्ट नाहीये, वेळ मतदाराच्या डोक्यात पण काम करते. पहिल्या वर्षी माणूस हादरलेला असतो, अरे आपल्या आमदाराने असं केलं? पाचव्या वर्षी तो म्हणतो कोर्टात काय ते होईल. दहाव्या वर्षी आरोपी स्टेजवरून सांगतो की दहा वर्षं झाली, एक रुपया सिद्ध झाला नाही, माझ्याविरुद्ध राजकीय षडयंत्र आहे, आणि समोरच्या माणसाला त्यात दम वाटतो, कारण खरंच दहा वर्षं झालेली असतात. विसाव्या वर्षी त्या केसची कुणाला लाजही वाटत नाही आणि रागही येत नाही. मधल्या काळात त्या आमदाराने कुणाच्या पोराची बदली केलेली असते, कुणाला दवाखान्यात बेड मिळवून दिलेला असतो, लग्नाला आलेला असतो, मयतीला आलेला असतो. ही कामं खोटी नसतात. माणूस ती विसरत नाही आणि विसरू पण नये. पण एका बाजूला डोळ्यासमोरचं काम आणि दुसऱ्या बाजूला २० वर्षं जुनी, न लागलेली केस, यात मतदार कशाला वजन देणार? मतदार भ्रष्ट आहे म्हणणारे लोक हे तोलून बघतच नाहीत. आणि सावनेरच्या लोकांनी २०२४ मध्ये काय केलं तेही बघा, निकाल लागल्यावर पहिल्याच विधानसभा निवडणुकीत केदारांच्या पत्नी काँग्रेसकडून उभ्या होत्या आणि भाजपचे आशिष देशमुख निवडून आले. आता यात लाट किती, लाडकी बहीण किती आणि निकाल किती हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, मी पण नाही. पण २१ वर्षं त्या मतदारासमोर निकालच ठेवला नव्हता हे तर नक्की.

कायदा मात्र एकेकाळी याहून वाईट होता हे मान्य केलं पाहिजे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरलं की अपात्र, नुसता दंड झाला तरी, आणि बाकी बहुतेक गुन्ह्यात २ वर्षं किंवा जास्त शिक्षा लागली की अपात्र, ते सुटकेनंतर पुढची ६ वर्षं. पण त्याच कलमात एक पोटकलम होतं, ८(४), की तुम्ही जर विद्यमान आमदार-खासदार असाल तर ३ महिन्यात अपील करा आणि अपील लागेपर्यंत खुर्चीवर बसून राहा. साध्या उमेदवाराला ही सवलत नव्हती, ती फक्त आधीच निवडून आलेल्याला. १० जुलै २०१३ ला लिली थॉमस खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे पोटकलम रद्द केलं, तेव्हाच्या सरकारने अध्यादेशाने ते वाचवायचा प्रयत्न केला आणि मग तो मागे घेतला. त्यामुळेच २०२३ मध्ये केदारांची आमदारकी दोन दिवसात गेली. म्हणजे निकालानंतरचा रस्ता आता खूप लहान झालाय. निकालाआधीचा मात्र तेवढाच लांब आहे.

आणि तो लहान करायचा आदेश नाही असंही नाही! १० मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा गुन्ह्यात आमदार-खासदारांवर आरोप निश्चित झाले की १ वर्षात खटला संपवा, शक्यतो रोज चालवा. २०१७ मध्ये खास कोर्टं काढायचं ठरलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा सगळ्या हायकोर्टांना सांगितलं की स्वतःहून याचिका दाखल करून घ्या आणि या खटल्यांवर लक्ष ठेवा. म्हणजे जवळजवळ १० वर्षांनी तीच गोष्ट परत सांगायला लागली. यातली मेख अशी की १ वर्षाचं घड्याळ सुरू होतं आरोप निश्चित झाल्यावर, आणि खरा खेळ त्याच्या आधी होतो. खटला भरायला सरकारची मंजुरी, ती मिळाली की मंजुरीला आव्हान, मग डिस्चार्जचा, म्हणजे खटल्याआधीच आरोपातून वगळा असा अर्ज, तो फेटाळला की हायकोर्ट, तिथे स्थगिती, मग सरकारी वकील बदलला, मग जज बदलले, मग खटला दुसऱ्या कोर्टात वर्ग करा. होम ट्रेडच्या बाबतीत तर वेगवेगळ्या ठिकाणचे खटले एकत्र करा म्हणून आरोपी दलाल सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. यातला प्रत्येक अर्ज कायदेशीर आहे, प्रत्येक अर्ज करायचा आरोपीला हक्क आहे, आणि ज्याच्याकडे चांगला वकील आहे तो ते सगळे करणार. पण तोवर साक्षीदार रिटायर होतात, हस्ताक्षर ओळखणारा क्लार्क वारतो, फाईल सापडत नाही.

मग आरोप झाला की लगेच तिकीट बंद करा, असं माझे काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. २०१८ मध्ये घटनापीठासमोर हाच प्रश्न होता आणि कोर्टाने आरोपाच्या पातळीवर कुणाला अपात्र ठरवायला नकार दिला, ते संसदेवर सोडलं. सत्तेत जो असेल तो विरोधकावर केस टाकेल आणि निवडणुकीच्या तोंडावर त्याला बाद करेल, हे आपल्याला समजायला फार अक्कल लागत नाही, गेल्या काही वर्षात आपण कोण कुठल्या पक्षात गेल्यावर कुठली चौकशी थंडावली ते बघितलंय. म्हणूनच तर लवकर निकाल हा एकच रस्ता उरतो. खोटा अडकवलेला आमदार असेल तर त्यालाही २० वर्षं डाग घेऊन फिरायला लावणं हा अन्यायच आहे. जयललितांचं बघा, संपत्तीची केस १९९१ ते ९६ च्या काळातली, २०१४ ला बंगळुरूच्या कोर्टाने ४ वर्षं आणि १०० कोटी दंड दिला, २०१५ ला हायकोर्टाने निर्दोष सोडलं, परत मुख्यमंत्री झाल्या, आणि सुप्रीम कोर्टाने तो हायकोर्टाचा निकाल उलटवला १४ फेब्रुवारी २०१७ ला. त्या गेल्या होत्या ५ डिसेंबर २०१६ ला.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते खालच्या माणसाला लावलेलं माप. तलाठी लाच घेताना सापडला आणि ४८ तासांच्या वर कोठडीत राहिला की निलंबित झाला असं नियमानेच धरतात, त्यासाठी खटल्याचा निकाल लागत नाही. ग्रामपंचायतीची सदस्य असलेल्या बाईच्या नवऱ्याने किंवा सासऱ्याने सरकारी जागेवर अतिक्रमण केलेलं असेल तर तिचं पद जाऊ शकतं, सुप्रीम कोर्टानेही २०१८ मध्ये हे मान्य केलंय, आणि हा निर्णय जिल्हाधिकारी देतात, वर आयुक्तांकडे अपील, सगळं त्या पाच वर्षांच्या मुदतीच्या आत होऊ शकतं. गायरानावरच्या एका गोठ्यासाठी आपल्या व्यवस्थेला वेळ पाळता येतो. मग सव्वाशे कोटींसाठी का पाळता येत नाही? पुरावे जास्त असतात, कागद जास्त असतात, मान्य. पण २१ वर्षं?

माझी मागणी फार मोठी नाही. उमेदवार जे शपथपत्र भरतो त्यात त्याच्यावरच्या केसेस लिहाव्या लागतात, ती सुप्रीम कोर्टाचीच देणगी आहे. पण ते वाचून सामान्य माणसाला काय कळतं? कलम ४०९, कलम ४६८, कोर्टाचं नाव, केस नंबर. त्यात अजून दोन-तीन गोष्टी ठळक पाहिजेत, गुन्हा नोंदवल्याला किती वर्षं झाली, किती तारखा झाल्या, त्यातल्या किती आरोपीच्या मागणीवरून पुढे ढकलल्या, आणि स्थगिती असेल तर कुणी मागितली. कोर्टाच्या कॉम्प्युटरमध्ये तारखांची नोंद आत्ताही असते. जो उमेदवार स्टेजवर म्हणतो की २० वर्षात काही सिद्ध झालं नाही, त्याच्याच सहीच्या कागदावर लिहिलेलं असू दे की यातल्या इतक्या तारखा मी मागून घेतल्या. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने पक्षांना सांगितलं की केस असलेल्या माणसाला तिकीट का दिलं ते जाहीर करा, निवडून येतो एवढं कारण चालणार नाही, आणि पक्ष तरी पेपरच्या कोपऱ्यात दोन ओळी छापून मोकळे होतात, लोकप्रिय आहेत, समाजकार्य मोठं आहे. तारखांचा आकडा असा दोन ओळीत गुंडाळता येत नाही.

आणि मंजुरीच्या फाईलला मुदत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात ३ महिने आणि फार तर अजून १ महिना असं लिहिलंय, पण मुदत उलटली तर काय हे त्यात लिहिलेलं नसल्यामुळे फाईल पडून राहते. मुदत संपली की मंजुरी मिळाली असं धरा, एवढी एक ओळ या कायद्यात टाकायला कुठल्याही सरकारला एक अधिवेशन पुरेल. आत्तापर्यंत कुठल्याच सरकारने ती या कायद्यात टाकलेली नाही, ना यांच्या ना त्यांच्या.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहे. नागपूरच्या निकालाची बातमी मी त्याला फोनवर सांगितली, त्याची बँक ती नव्हती, तरी वाटलं सांगावं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपल्या बँकेच्या केसचं काय झालं रे?" मी शोधलं. चालू आहे.